नोकरीचा शोध आणि अद्भुतनगरीतील मोहिमा

नोकरी गेली किंवा शिक्षण संपूनही ती मिळाली नाही, की मिळकतीबरोबर दिवसाची आखणी, सहकाऱ्यांचा सहवास आणि आपल्या श्रमाचा कोणाला तरी उपयोग होतो आहे ही खात्रीही हातची जाते. अशा काळात अनेक तरुण तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन यांनी भरलेल्या अद्भुतरम्य व्हिडिओ गेमकडे वळतात आणि तासन्‌तास त्यात रमतात, तेव्हा घरच्यांना त्यात आळस किंवा पळपुटेपणा दिसतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. हे खेळ कसे रचलेले असतात आणि नोकरीचा शोध माणसाच्या मनाची काय अवस्था करतो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर या ओढीमागे आळसापेक्षा बरेच गंभीर कारण असल्याचे लक्षात येते.

या प्रकारच्या खेळांना ‘रोल-प्लेइंग गेम’, संक्षेपाने ‘आरपीजी’ म्हणतात. मराठीत त्यांना भूमिकाप्रधान खेळ म्हणता येईल. खेळणारा योद्धा, जादूगार, धनुर्धारी किंवा चोर अशी एखादी भूमिका स्वीकारतो आणि एका कल्पित जगात ते पात्र हळूहळू सामर्थ्यवान करत नेतो. या खेळांचा उगम संगणकात नसून कागद, पेन्सिल आणि फाशांत आहे, आणि त्या उगमाचा बेकारीशी थेट संबंध आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी राहणारे गॅरी गायगॅक्स यांची शिकागोतील विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली. त्यानंतर त्यांनी जोडे दुरुस्त करून संसार चालवला आणि त्याच वर्षांत खेळांचे नियम लिहिण्यावर आपली शक्ती लावली. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांच्याबरोबर त्यांनी तयार केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. आज संगणकावर, कन्सोलवर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या बहुतेक भूमिकाप्रधान खेळांचे मूळ व्याकरण त्याच खेळातून आलेले आहे. मात्र गायगॅक्स यांची कथा बेकार तरुणाला दिलासा म्हणून सांगताना जपून सांगावी लागते, कारण ते दुसऱ्यांनी रचलेला खेळ नुसता खेळत बसले नव्हते, स्वतः एक खेळ घडवत होते.

हे व्याकरण समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. पात्राच्या अंगी असलेली ताकद, चपळाई, बुद्धी यांसारखे गुण आकड्यांत मोजलेले असतात. शत्रूला हरवले किंवा एखादे काम पार पाडले, की ‘एक्सपी’ म्हणजे अनुभवगुण मिळतात. ठरावीक अनुभवगुण साठले, की पात्राची ‘लेव्हल’ म्हणजे पायरी वाढते आणि त्याला नवी शक्ती प्राप्त होते. खेळातील गावकरी, राजे, साधू अशी पात्रे खेळणाऱ्यावर कामगिरी सोपवतात, तिला ‘क्वेस्ट’ म्हणतात, आणि या कामगिऱ्यांची नोंदवही पडद्यावर कधीही उघडून पाहता येते: काय करायचे आहे, कोठे जायचे आहे, कितपत झाले आहे, पूर्ण झाल्यावर काय मिळणार आहे. २०११ मधील ‘स्कायरिम’, २०१५ मधील ‘द विचर ३’ किंवा २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ या गाजलेल्या खेळांची कथानके आणि युद्धपद्धती एकमेकींपासून खूप वेगळ्या असल्या, तरी प्रयत्न आणि फळ यांचे नाते खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत उघडे ठेवण्याची रीत तिन्ही खेळांत एकच आहे. पराभव झाला तरी आधी जतन केलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करता येते, आणि पराभव कशामुळे झाला हे बहुधा कळतेही.

नोकरीच्या शोधात यातले जवळजवळ काहीच नसते. शेकडो अर्ज पाठवले जातात आणि बहुतेकांना उत्तर येत नाही. उत्तर आलेच तर नकाराचे कारण त्यात नसते. मुलाखत चांगली झाली असे वाटूनही निवड होत नाही आणि काय सुधारावे हे कोणी सांगत नाही. ॲलन क्रूगर आणि आंद्रेआस म्यूलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९-१० मध्ये, मोठ्या मंदीच्या सावटात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्ता घेणाऱ्या सहा हजारांहून अधिक व्यक्तींचा आठवड्यामागून आठवडे मागोवा घेतला. बेकारीचा काळ लांबत जातो तसतसा शोधावर खर्च होणारा वेळ घटत जातो, असे त्यात आढळले. त्याहून बोलका निष्कर्ष असा, की प्रत्यक्ष शोध चालू असतानाच्या वेळात या व्यक्ती विशेष दुःखी असत. नोकरी शोधणे हे काम स्वतःच मनाला जखम करणारे आहे, ही गोष्ट सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात फारशी येत नाही. बेकार माणसाने दिवसभर अर्जच करावेत ही अपेक्षा त्यामुळे अमानुष ठरते.

मोकळा वेळ भरपूर असूनही बेकार माणूस तो सत्कारणी का लावू शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधी मिळालेले आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या कामगारवस्तीतील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारी वस्ती एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायसेल या संशोधकांनी तेथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीतील ग्रंथालयाची फी रद्द झालेली असूनही आणि वाचायला दिवसभर वेळ असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. पुरुषांची चाल मंदावली होती, ते रस्त्यात पुनःपुन्हा थांबत, आणि अनेकांनी घड्याळ वापरणे सोडून दिले होते. स्त्रियांच्या मागे घरकाम असल्याने त्यांच्या हालचालींत ही मंदता आली नव्हती. पुढे याहोडा यांनी या निरीक्षणांतून असा सिद्धान्त मांडला, की पगार हे नोकरीचे प्रकट कार्य असले तरी तिची काही अप्रकट कार्येही असतात: ती दिवसाला वेळेची चौकट देते, कुटुंबाबाहेरच्या माणसांशी नित्य संबंध ठेवते, सामूहिक उद्दिष्टात सहभागी करून घेते, समाजात ओळख आणि स्थान देते, आणि माणसाला नियमित कृती करायला लावते.

या पाच कार्यांची कसोटी भूमिकाप्रधान खेळांना लावली, तर त्यांच्या ओढीचे रहस्य बरेचसे उलगडते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात खेळाडूंचे संघ असतात, त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात. मोठ्या शत्रूवरील चढाईला, म्हणजे ‘रेड’ला, आरंभीच्या काळात चाळीस जणांनी ठरल्या वेळी एकत्र येणे आवश्यक असे आणि त्यांतील प्रत्येकाकडे मार झेलण्याची, जखमा भरून काढण्याची किंवा प्रहार करण्याची नेमून दिलेली जबाबदारी असे. ज्याला दिवसभरात कोणाचाही फोन आलेला नाही, अशा माणसाची रात्री नऊ वाजता एकोणचाळीस जण वाट पाहत असतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. २०२० मधील ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा फुकट खेळता येणारा आणि मोबाइलवरही चालणारा खेळ तर रोज चार छोटी कामे नेमून देतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नवी चार समोर ठेवतो. वेळेची चौकट, सहवास, उद्दिष्ट, स्थान आणि कृती, या पाचही गोष्टींची काही ना काही प्रतिकृती येथे सापडते.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खेळांच्या आकर्षणाचा संबंध माणसाच्या तीन मूलभूत गरजांशी जोडला: स्वायत्तता म्हणजे आपला निर्णय आपण घेणे, क्षमता म्हणजे आपल्याला काही जमते असा प्रत्यय येणे, आणि आपलेपणा म्हणजे इतरांशी जोडलेले असणे. लांबलेली बेकारी नेमक्या याच तीन गरजांवर घाव घालते. भुकेलेला माणूस अन्नाच्या दिशेने जातो, यात त्याच्या चारित्र्याचा दोष शोधण्याचे कारण नाही.

तरीही प्रतिकृती ही मूळ वस्तूची जागा घेत नाही, आणि खेळांचे समर्थन करणारे येथेच चुकतात. खेळात मिळवलेले स्थान खेळाच्या जगाबाहेर कोणी मानत नाही आणि त्यातील सोन्याने घरभाडे भरता येत नाही. याला एक विलक्षण अपवाद आहे. खेळातील नाणी आणि वस्तू जमवून खऱ्या पैशाला विकण्याच्या धंद्याला ‘गोल्ड फार्मिंग’ म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये या धंद्यात सुमारे चार लाख लोक गुंतलेले असावेत, आणि त्यांतील बहुसंख्य चीनमध्ये असावेत, असा अंदाज केला होता. पुढे व्हेनेझुएलात चलनाची किंमत मातीमोल झाली, तेव्हा तेथील कित्येकांनी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या खेळात ड्रॅगन मारून त्यातले सोने डॉलरमध्ये विकले आणि घरखर्च भागवला. खेळाच्या नियमांनुसार ही विक्री निषिद्ध असल्याने त्यांची खाती केव्हाही बंद होऊ शकत. तेच ते प्राणी दिवसाचे अनेक तास मारत राहण्याच्या या कामात करमणूक उरली नव्हती. ती निखळ मजुरी होती.

खेळांमुळे तरुण बेकार राहतात का, हा प्रश्न अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी गांभीर्याने हाताळला आहे. मार्क अग्वियार, मार्क बिल्स, कर्विन चार्ल्स आणि एरिक हर्स्ट यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात २१ ते ३० या वयोगटातील पुरुषांच्या कामाचे तास इतरांपेक्षा अधिक घटल्याचे दाखवून, गेम आणि संगणकीय करमणूक हे त्याचे एक कारण ठरवले. करमणुकीचा दर्जा इतका सुधारला, की मोकळ्या वेळेची गोडी वाढली, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण या सुधारणेमुळे कामाच्या तासांत झालेली घट त्यांनी दीड ते तीन टक्केच धरली होती, आणि वृत्तपत्रीय चर्चेत हा आकडा बाजूला पडून ‘गेममुळे पिढी निकामी’ एवढेच उरले. शिवाय मंदीत नोकऱ्या आधी गेल्या आणि रिकामा वेळ नंतर आला, हा क्रमही विसरून चालणार नाही. खेळ हे बेकारीचे मूळ नव्हे. मात्र आधीच थकलेल्या माणसाला शोध थांबवणे सुसह्य करून देण्याची ताकद त्यांत निश्चित आहे, आणि खरा धोका तेथे आहे.

हा धोका सर्व खेळांत सारखा नसतो. ‘द विचर ३’सारख्या एकट्याने खेळायच्या खेळाची कथा कितीही लांबली तरी तिला शेवट असतो आणि विकत घेतल्यावर ती पुन्हा पैसे मागत नाही. उलट रोज हजेरी लावायला लावणारे ऑनलाइन खेळ संपण्यासाठी रचलेलेच नसतात, आणि त्यांतील काहींत ‘गाचा’ ही पद्धत असते, म्हणजे पैसे देऊन सोडत काढायची आणि हवे ते पात्र मिळेपर्यंत काढत राहायची. उत्पन्न थांबलेल्या माणसाने या दुसऱ्या प्रकारापासून दूर राहणेच हिताचे आहे. ज्याच्या शोधाला मुदत आहे, त्याने तर अधिकच: अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या, मराठी अभियंत्यांसह सर्वच परदेशी कर्मचाऱ्यांना नोकरी सुटल्यावर नवी मिळवण्यासाठी साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि त्यांतला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान दिले आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे बहुधा किमान १२ महिने टिकली, तरच हे निदान केले जाते. नुसते तास मोजून ते होत नाही. घरच्यांनीही तास मोजण्याऐवजी या आठवड्यात किती अर्ज गेले, झोपेची वेळ उलटी झाली आहे का, जेवायला तो सर्वांबरोबर बसतो का, याकडे लक्ष द्यावे. सकाळचे दोन-तीन तास शोधाला, दुपार एखादे कौशल्य शिकण्याला आणि संध्याकाळ मनसोक्त खेळाला, अशी वाटणी टिकत असेल, तर त्या खेळण्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. ती टिकत नसेल, तर कन्सोल उचलून ठेवण्याने प्रश्न सुटत नाही, कारण खेळाने भरलेली पोकळी तशीच राहते. तेथे माणसे, वेळेचे बंधन आणि काही जमल्याचा अनुभव दुसऱ्या मार्गाने आणावा लागतो, मग तो ओळखीच्या दुकानातील अर्ध्या दिवसाचा हिशेब असो, शिकवणी असो किंवा वाचनालयातील नियमित बैठक असो. घरात हे जुळवणे अशक्य झाले, तर बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.