रद्दी टपाल आणि टपालाची तिजोरी

अमेरिकेतील एखाद्या गृहस्थाने सायंकाळी दारापुढील टपालपेटी उघडली, म्हणजे त्याच्या हाती काय लागते? दुकानांची रंगीत सूचिपत्रे, बँकांची कर्जाची आमंत्रणे, देणग्यांची आवाहने, आणि त्यांतच दडलेले एखादे खरेखुरे पत्र. बरेचसे कागद घरात न जाता परस्पर कचऱ्याच्या डब्यात जातात. तेथील लोक त्यांस ‘जंक मेल’, म्हणजे रद्दी टपाल, म्हणतात. ही पीडा टळावी असे ज्याला त्याला वाटते. परंतु पत्र आणून देणाऱ्या टपालवाल्याच्या वेतनाचा काही भाग या रद्दीतूनच निघतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

१९७० च्या कायद्यान्वये पुढील वर्षी अमेरिकेचे टपालखाते स्वतंत्र सेवा झाले. तिने आपला नित्याचा खर्च करांतून नव्हे, तर टपालहशिलातून भागवावा असे ठरले. जबाबदारी मात्र जुनीच राहिली. देशात कोठेही पत्र पाठवा, तिकीट एकच. ॲरिझोनातील सुपाई हे गाव खोल दरीच्या तळाशी आहे. तेथे मोटारीचा रस्ता नाही, म्हणून टपाल खेचरांच्या पाठीवर लादून उतरवावे लागते. त्या पत्रासही अधिक दर नाही!

पत्रे भरपूर होती तोवर हे निभावले. २००१ साली पहिल्या वर्गाची सुमारे १०३ अब्ज पत्रे गेली. २०२३ साली ती ४६ अब्जांवर आली. बिले, पावत्या, खुशालीची पत्रे, सारे संगणकावर गेले. उलट घरे वाढत गेली आणि टपालवाल्याची फेरी लांबत गेली. त्यात २००६ च्या कायद्याने निवृत्त सेवकांच्या भावी औषधोपचारासाठी दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूस ठेवण्याचे ओझे लादले. असा बोजा इतर सरकारी खात्यांवर नव्हता. तो २०२२ साली उतरविण्यात आला. तरीही २०२४ च्या आर्थिक वर्षात साडेनऊ अब्ज डॉलरांची तूट आली. २००९ साली ४४ सेंटांना मिळणारे तिकीट जुलै २०२५ मध्ये ७८ सेंटांचे झाले.

अशा स्थितीत जाहिरातींचे टपाल सहजासहजी कोण सोडील? २०२३ साली असे ५९ अब्ज नग वाटले गेले आणि त्यांतून सुमारे १५ अब्ज डॉलर आले, म्हणजे एकूण उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. दर नगास पाव डॉलर हा दर स्वस्त खरा. पण पाठविणारा आपले गठ्ठे आधीच वर्गवारी लावून आणतो, त्यामुळे खात्याचे श्रम वाचतात.

मग गृहस्थाने काय करावे? कायदा त्याच्या बाजूने आहे. १९७० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘रोवन’ खटल्यात निर्णय दिला की, नको असलेले टपाल घरात घेण्याची सक्ती कोणावरही नाही. मूळ कायदा अश्लील जाहिरातींपुरता होता. पण अश्लील काय, हे ठरविण्याचा अधिकार घरमालकाकडेच असल्याने, त्याने कापडाच्या दुकानाचे सूचिपत्र नाकारले तरी चालेल, असे न्यायाधीशांनी सांगितले. मनाई मात्र एकेका व्यापाऱ्याविरुद्ध स्वतंत्रपणे घ्यावी लागते. कर्जाची आमंत्रणे पाच वर्षे, अथवा कायमची, बंद करवून घेता येतात. जाहिरातदारांच्या संघाकडे नाव नोंदवूनही बराच भार हलका होतो. पुष्कळजण पाकिटावर ‘नाकारले’ असे लिहून ते परत टाकतात. हा उपाय मनाला समाधान देतो, एवढेच. परतीच्या सेवेची मागणी पाठविणाऱ्याने केली नसेल, तर असे पाकीट त्याच्याकडे जात नाही. ते टपालकचेरीतच रद्दीत जाते.

शिवाय २०११ पासून टपालसेवेने स्वतःच एक नवी योजना काढली आहे. दुकानदाराने फेऱ्या निवडाव्यात आणि पत्रके आणून द्यावीत. टपालवाला ती प्रत्येक दारी टाकतो. पत्रकावर नाव नसतेच. असते ते केवळ ‘टपालग्राहक’ असे संबोधन. तेव्हा यादीतून वगळावे कोणाला? त्याच फेरीत, त्याच पिशवीतून, निवृत्त सैनिकांची औषधेही घरोघर पोहोचतात. सरकारकडून त्यांना मिळणारी बहुतांश औषधे टपालानेच येतात.