फिरोज इराणीला अधिकार कोणी दिले?

मुंबई मी पाहण्याआधी वाचली होती. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. आमचा कापूस मुंबईकडे जात राहिला आणि मुंबईहून आमच्या वाचनालयांत रहस्यकथा येत राहिल्या. बांधणी उसवलेल्या, कधी शेवटचे पानच नसलेल्या. शेवटचे पान नसले की गुन्हेगार आपणच ठरवायचा. मी तो बहुतेक वेळा आडनावावरून ठरवीत असे. या सवयीचा छडा लावावा, म्हणून हा लेख.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड घराघरांत पोचले. पुढच्या पिढीत सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांच्या बरोबरीने एक नायक उभा केला, त्याचे नाव फिरोज इराणी. हे नाव मला आजही महत्त्वाचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईत आली. नाक्यानाक्यावर त्यांची चहाची दुकाने झाली. त्यांच्या संगमरवरी टेबलांवर कोकणी गिरणी कामगार, गुजराती दलाल आणि उत्तरेकडचा टांगेवाला आपापल्या भाषेत बोलत. बाहेरून आलेल्या समाजाचे नाव शिरवळकरांनी संशयिताला न देता शोध घेणाऱ्याला दिले.

असा माणूस प्रत्यक्षात टोळ्यांपुढे उभा राहू शकला असता का? मुंबईच्या इतिहासात त्याच्या जवळ जाणारा एक माणूस आहे, चार्ल्स फोर्जेट. १८५७ साली मुंबईचे पोलीस त्याच्या हाताखाली होते. युरेशियन असल्याने गोऱ्यांत तो पूर्ण गोरा नव्हता आणि इथल्यांत पूर्ण इथला नव्हता. इथल्या भाषा मात्र तो इथल्यांसारख्या बोले आणि वेषांतर करून वस्त्यांत फिरे. सोनापूर भागातल्या गंगाप्रसादच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत. भिंतीच्या भोकातून त्याने त्या ऐकल्या. उठाव दिवाळीत व्हायचा होता. त्याआधीच, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले. इंग्रजांच्या दृष्टीने ते गुन्हेगार होते, आपल्या दृष्टीने हुतात्मे. गुप्तहेर कोणासाठी काम करतो यावर गुन्ह्याचे नाव ठरते, हे त्या दिवाळीने शिकवले. दुसरी गोष्ट अशी की भाषा फोर्जेटची स्वतःची होती, पण तिच्यामागची सत्ता सरकारची होती. फिरोज इराणीसारख्या खासगी गुप्तहेराजवळ ही दुसरी गोष्ट नसते.

टोळ्यांकडे वळले की आडनावाचा हिशेब आणखी चुकतो. हाजी मस्तान आणि वरदराजन मुदलियार तमिळनाडूतून आले होते, करीम लाला अफगाणिस्तानातून. एवढे सांगितले की आपण म्हणतो, पाहा, सगळे बाहेरचेच! पण दाऊद इब्राहिमचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते आणि घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले. मन्या सुर्वेही कोकणातलाच. टोळी जन्मगावातून निघत नाही, ती धंद्यातून निघते, आणि धंदा अनेकदा बंदीतून निघतो. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्यांना गिऱ्हाईक मिळाले, तिथे वरदराजन वाढला. सोन्यावर निर्बंध आले, १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, आणि गोदीत सोने उतरवणाऱ्यांचे दिवस पालटले. हा कायदा १९९० साली रद्द झाला. परक्या शहरात विश्वास टाकायला गावचा, भाषेचा माणूस लागतो, म्हणून टोळ्या आधी भाषेवर बांधल्या गेल्या. ज्या धाग्याने खोली मिळते, नोकरी मिळते, त्याच धाग्याने टोळीही विणली जाते.

यातला एक धागा आमच्या कापसापर्यंत येतो. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्यानंतर आठवड्याने, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. गिरणगावातल्या बेकार पोरांना टोळ्यांनी कामाला लावले. रहस्यकथेतला गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून एकाकडे बोट दाखवतो. गिरणगावात त्याने बोट कोणाकडे दाखवायचे? चाकू धरणाऱ्या पोराकडे, की त्याच्या बापाच्या हातून माग काढून घेणाऱ्या व्यवस्थेकडे?

कायद्याने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला, तो १९९९च्या मकोकाने. या कायद्यात एकटा गुन्हा पुरत नाही. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे आणि त्यांची न्यायालयाने घेतलेली दखल लागते. एरवी पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, इथे अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा ठरू शकतो. संभाषणे चोरून ऐकण्याचीही तरतूद आहे. मात्र हे सारे अधिकार पोलिसांचे. खासगी गुप्तहेराला पोलिसांसारखा अटकेचा अधिकार नसतो, झडती घेता येत नाही, फोन ऐकणे तर गुन्हाच. त्यांच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत आलेल्या विधेयकाचा कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्यक्षातला डिटेक्टिव्ह लग्नाआधीची चौकशी, हरवलेला माणूस, कामगाराची पार्श्वभूमी यांतच राहतो. टोळीपुढे उभा राहतो तो साक्षीदार: खंडणीचा फोन आलेला दुकानदार, गोळीबार पाहिलेला पानवाला. त्याच्यावर कोणी मालिका लिहिली नाही.

मग फिरोज इराणीला अधिकार कोणी दिले? वाचकांनी दिले. मलकापूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या पोराने, बाहेरून आलेला माणूसही न्यायाच्या बाजूने उभा असू शकतो, हे क्षणभर मान्य केले म्हणून. आज आमच्या जिल्ह्यातली मुले कामासाठी पुण्या-मुंबईला आणि सुरतेला जातात. तिथे खोली मागताना त्यांना आडनाव आणि गाव विचारतात, आणि उत्तर ऐकून कोणीतरी मनात शेवटचे पान लिहून टाकतो. ते पान माझ्या हातातल्या पुस्तकातही नव्हते. तेव्हा मी ते आडनावावरून भरले. आता ते कोरे ठेवायला शिकतो आहे.