शाई, हातोडी आणि यंत्र ऐकणारा कान

अबू हलीफाच्या दक्षिणेस मीना अल-अहमदी आणि मीना अब्दुल्ला हे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. तेथे वा अन्यत्र यंत्रांच्या सहवासात दिवस घालवणाऱ्या आपल्यातील अनेकांचे बालपण ढोलकी-तबल्याच्या सहवासात गेले. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून चालत आलेल्या परंपरेतील गायन पार्ट्यांनी वस्तीतील मुलांना फी न घेता ताल-सूर शिकवला. पदवीच्या कागदावर या शिक्षणाची नोंद नसते; आमच्या मते ती असावयास हवी होती.

तबला जुळवणारे मूल पाहावे. गजऱ्यावर हातोडीचा हलका ठोका, पुन्हा सूर ऐकणे, मग समोरचे घर. एका बाजूचा ताण बदलला की दुसरी बिघडते. तेथे घाई चालत नाही. साध्या ताणलेल्या कातड्याचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट असतो, म्हणून त्यातून नेमका सूर लागत नाही. मधोमध शाईचे थर चढले की उपस्वर पूर्णांकी पटींजवळ येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये याविषयी लिहिले. शाई घोटणाऱ्या कारागिरांच्या कानाला ते फार आधीपासून ठाऊक होते! वजन किती आणि नेमके कोठे, हाच प्रश्न फिरत्या रोटरचे संतुलन साधणाऱ्या अभियंत्यापुढेही असतो.

तंबोऱ्याच्या दोन तारांत किंचित फरक राहिला की नाद लाटेसारखा चढतो-उतरतो. शेजारच्या दोन पंपांपैकी एक मिनिटाला २९६० आणि दुसरा २९७० फेरे घेत असेल, तर तशीच लाट दर ६ सेकंदांनी येते. तंबोऱ्यापुढे बसलेला कान तिला बेअरिंगची खरखर समजत नाही. कंपनमापक आकडा अचूक देतो. परंतु तो कोणत्या पंपाला लावावा, हे पुष्कळदा आधी कानच सांगतो.

संगीत शिकले की अभियंता होतो, असे आम्ही म्हणत नाही; गणित करावेच लागते. मात्र मूल नववीत गेले आणि प्रवेश परीक्षेचे वर्ग सुरू झाले, की घरात प्रथम तबला कपाटावर जातो. तो ठेवण्यापूर्वी पालकांनी एक करावे. वातानुकूलित खोलीतील जुळलेला तबला ऑगस्टच्या संध्याकाळी समुद्राकाठच्या दमट हवेत न्यावा. थोड्या वेळाने तो उतरेल. का उतरला, हे मुलालाच शोधू द्यावे, आणि हातोडीही त्याच्याच हाती द्यावी.