‘ती’ गोळी डॉक्टरांपासून लपवू नका

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांपैकी काहींवर नाव-गाव नसते. अशी पत्रे बहुधा एकाच विषयावरची असतात. संबंधाच्या वेळी इंद्रियाला पुरेशी ताठरता येत नाही, मेडिकलच्या दुकानातून गोळी आणून घेतली तर चालेल का, तिने हृदयाला अपाय होतो म्हणतात ते खरे का? विषय संकोचाचा असला तरी प्रश्न जिवाशी निगडित आहे, म्हणून आज त्याविषयी मोकळेपणाने लिहीत आहे.

या गोळीतील औषधाचे नाव सिल्डेनाफिल. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच गावच्या प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास सुरू झाला तो छातीच्या दुखण्यासाठी, म्हणजे अंजायनासाठी. तिथे फारसा उपयोग झाला नाही, पण त्याचा दुसराच परिणाम लक्षात आला. २७ मार्च १९९८ रोजी ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे अनेक कंपन्या ते वेगवेगळ्या नावांनी विकतात. टाडालाफिल हे त्याच कुळातले, पण अधिक काळ टिकणारे औषध आहे.

गोळी काय करते?

मनात इच्छा उत्पन्न झाली की इंद्रियातील रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्याच्यामुळे एक रसायन निर्माण होऊन रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरते आणि ताठरता येते. काम झाले की शरीर हे रसायन नष्ट करते. गोळी ही नष्ट करण्याची क्रिया रोखून धरते. म्हणजे गोळी इच्छा निर्माण करीत नाही, आणि इच्छा नसेल तर नुसत्या गोळीने काही होतही नाही. भरपेट तेलकट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा दिसतो. अशा वेळी ‘लागू पडली नाही’ म्हणून लगेच दुसरी गोळी घेणे धोक्याचे आहे.

सर्वांत मोठा धोका

अंजायनाचे कितीतरी रुग्ण सॉर्बिट्रेटची गोळी शर्टाच्या खिशात बाळगतात. छातीत दुखू लागले की ती जिभेखाली ठेवायची, हे आता घरोघरी माहीत झाले आहे. सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन ही नायट्रेट वर्गातील औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवतात. एक औषध नळ पूर्ण सोडते आणि दुसरे मोरीच्या तोंडाशी बोळा बसवते, असाच हा प्रकार. दोन्ही एकत्र आली की सर्व शरीरातील रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून नायट्रेट चालू असलेल्याने ही गोळी कधीही घेऊ नये. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट देत नाहीत.

छातीत कळ आली म्हणून पन्नाशीचे एक गृहस्थ रात्री माझ्या दवाखान्यात आले होते. सोबत पत्नी आणि मोठा मुलगा. अशा वेळी मी नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर थांबवतो आणि रुग्णाला सरळ विचारतो. त्यांनी आधी मान हलवून नाही म्हटले. ‘जिभेखाली गोळी देण्यापूर्वी मला हे कळलेच पाहिजे,’ असे सांगितल्यावर हळूच म्हणाले, ‘दोन तासांपूर्वी घेतली.’ मी सॉर्बिट्रेट दिले नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर गोळीचे नाव आणि वेळ लिहिली. तिथे त्यांच्यावर इतर औषधांनी उपचार झाले. त्यांच्या त्या एका वाक्याने पुढचा अनर्थ टळला.

आणखी कोणी सावध राहावे?

नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, रक्तदाब फार कमी असणाऱ्यांनी आणि यकृताचा गंभीर विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असेल तर उभे राहताना भोवळ येऊ शकते. बुरशीवरील काही औषधे आणि काही अँटिबायोटिक्समुळे गोळीचा अंमल वाढतो. पासष्टी ओलांडलेल्यांना सुरुवातीला लहान मात्रा देतात. मद्यासोबत ही गोळी घेऊ नये.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, अपचन हे त्रास नेहमीचे असून ते थोड्या वेळाने जातात. काहींना वस्तूंवर निळसर झाक दिसते. मात्र ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर लाज न धरता थेट रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास इंद्रियाला कायमची इजा होते. एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे किंवा एकाएकी ऐकू न येणे हे क्वचित घडते, पण तेही तातडीचेच समजावे.

‘गोळी नको, जडीबुटीची पूड बरी,’ असे कित्येकांना वाटते. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या अनेक उत्पादनांत न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल सापडले आहे. मात्रा किती, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि छातीत दुखल्यावर डॉक्टरांना सांगायलाही त्याच्याजवळ काही नसते.

दुखणे कशाचे, ते शोधा

ताठरता न येणे हे पुष्कळदा दुसऱ्या आजाराचे लक्षण असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, दारू, मनावरचा ताण आणि काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे. इंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे चरबीचे थर साचू लागले की त्रास आधी तिथे जाणवतो, आणि छातीचे दुखणे काही वर्षांनी येते. स्वतःच गोळी आणून घेणारा माणूस ही पूर्वसूचना झाकून टाकतो. रक्तदाब, साखर, चरबी आणि गरज वाटल्यास हृदयाचा आलेख एवढी तपासणी प्रथम करून घ्यावी. तपासून, योग्य मात्रेत दिलेली गोळी बहुतेकांना सोसते आणि उपयोगीही पडते.

ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची आहे. दुकानदाराने किंवा मित्राने दिलेली गोळी घेऊ नये. घेतलीच असेल आणि छातीत दुखू लागले, तर सॉर्बिट्रेट न घेता ताबडतोब रुग्णालयात जावे आणि गोळी केव्हा घेतली ते सांगावे. बोलायला जीभ रेटत नसेल, तर गोळीचे पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले तरी पुरे.