पेणचा 'ण' आणि वडखळचा 'ळ'

काही दिवसांपूर्वी दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाकावर चार मुले 'नाव, गाव, फळ, फूल' खेळत होती. एकाने मनातल्या मनात मुळाक्षरे म्हणायची, दुसऱ्याने 'थांब' म्हणायचे आणि जे अक्षर निघेल त्यावरून सर्वांनी शब्द लिहायचे. एका डावात 'ण' निघाला. मोठा मुलगा लगेच म्हणाला, "बाद! दुसरं अक्षर घे." गाडी तेव्हा हमरापूर सोडून पुढे निघाली होती. सर्वांत लहान मुलगी म्हणाली, "बाद कशाला? आपलं पेन हाय ना!" बाकीचे हसले. "एक तर 'ण' शेवटी चालत नाही, सुरुवातीला लागतो. आणि पेन म्हणजे लिहायचं. पेण म्हण, पेण!" मुलगी गप्प झाली. पुढचा डाव ती खेळली नाही.

या लहानशा प्रसंगात दोन चांगले प्रश्न दडलेले आहेत. 'ण'ने सुरू होणारा शब्द का सापडत नाही? आणि ती मुलगी खरोखरच चुकली होती का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते. पण तिथे पोहोचण्यासाठी आपल्या वर्णमालेतल्या विरळ अक्षरांची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

दुर्मीळपणाचे दोन प्रकार

काही अक्षरे मुळातच कमी वापरली जातात. 'ऌ' हे त्यांतले ठळक उदाहरण. संस्कृतात हा स्वर 'कॢप्' या एकाच धातूत येतो. मराठीत त्याची आठवण 'कॢप्ती' या शब्दापुरती उरली आहे. त्याचा दीर्घ जोडीदार 'ॡ' तर कोणत्याही नेहमीच्या शब्दात नाही. ऱ्हस्वाला दीर्घ हवा, म्हणून व्याकरणकारांनी त्याला कोष्टकात जागा दिली. 'ॠ' मात्र कधीतरी भेटतो: पितृ आणि ऋण यांचा संधी केला की 'पितॄण' होते.

'ङ' आणि 'ञ' यांची गोष्ट वेगळी आहे. ही अक्षरे कमी दिसतात, पण हे ध्वनी आपण रोज उच्चारतो. 'रंग', 'शंख', 'अंक' म्हणताना अनुस्वाराच्या जागी आपण 'ङ'च उच्चारतो. 'पंच', 'चंचल' म्हणताना 'ञ'. अनुस्वाराच्या एका टिंबाने या दोघांचे काम उचलले, म्हणून ती लिखाणातून मागे पडली. 'वाङ्मय', 'पराङ्मुख', 'दिङ्मूढ' अशा मोजक्या शब्दांत 'ङ' उघड दिसतो. 'ञ' तर आपल्या विषयाच्या नावातच लपून बसला आहे. 'ज्ञ' म्हणजे ज् अधिक ञ. मराठी माणूस त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, हिंदी भाषक 'ग्य' असा. मूळचा 'ञ' दोघांच्याही तोंडी नाही. तरीही 'विज्ञान' हा शब्द लिहिताना आपण दर वेळी तो लिहितो.

दुसऱ्या प्रकारचा दुर्मीळपणा 'ण' आणि 'ळ' यांचा. ही अक्षरे मुळीच विरळ नाहीत. पाणी, लोणी, डोळा, शाळा यांच्याविना मराठी बोलणेच अवघड. अडचण एवढीच की शब्दाच्या पहिल्या जागेवर ती येत नाहीत. म्हणून तर मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'क कमळाचा' असा असतो, पण 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असावा लागतो. चित्रातल्या शब्दाचे शेवटचे अक्षर घेण्याची पाळी या दोघांवरच येते.

रायगडच्या नकाशावर

हे पडताळून पाहायला नकाशा पुरेसा आहे. रायगड जिल्ह्यातील १५ तालुक्यांची नावे फळ्यावर लिहा. उरण, पेण, माणगाव यांत 'ण' आहे; म्हसळा आणि तळा यांत 'ळ' आहे. पंधरापैकी पाच नावांत ही अक्षरे आली, पण आरंभी एकाही नावात नाहीत. आता जरा छोटी गावे घ्या. पेणजवळचे वडखळ आणि पेणची बाळगंगा नदी यांत 'ळ' आहे. रोह्याच्या वाटेवरचे नागोठणे पाहा: आरंभी 'न', शेवटी 'ण'. कर्जत तालुक्यातील नेरळ: आरंभी 'न', शेवटी 'ळ'. माणगाव तालुक्यातील लोणेरे: आरंभी 'ल', त्यानंतर 'ण'. जणू पहिल्या जागेवर 'न' आणि 'ल' यांनाच परवानगी आहे, आणि 'ण', 'ळ' यांनी स्वराच्या मागूनच आत यायचे.

नियम सापडतो

हा योगायोग नाही. त्यामागे इतिहास आहे. महाराष्ट्री प्राकृतात जवळजवळ प्रत्येक 'न'चा 'ण' होत असे, अगदी शब्दाच्या आरंभीसुद्धा. संस्कृत 'नगर'चे प्राकृतात 'णअर' झाले. जैनांचा 'णमोकार' हा शब्द त्याच काळाची खूण आहे. खेळात 'ण' निघाल्यावर कोणी तो शब्द लिहिला, तर त्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही!

पुढे प्राकृतातून मराठी घडताना तीन गोष्टी झाल्या. शब्दारंभीचा 'ण' पुन्हा 'न' झाला. जोड 'ण्ण'चाही एकेरी 'न' झाला आणि आधीचा स्वर लांबला. फक्त दोन स्वरांमधला एकेरी 'ण' तसाच राहिला. म्हणून 'कर्ण'चे 'कण्ण' आणि मग 'कान' झाले. 'पर्ण'चे 'पान', 'अरण्य'चे 'रान', 'सुवर्ण'चे 'सोने'. पण 'पानीय'चे 'पाणी' झाले. गंमत अशी की संस्कृतात ज्या शब्दांत 'ण' होता तिथे मराठीत 'न' आला आणि जिथे 'न' होता तिथे 'ण' आला.

'ल' आणि 'ळ' यांचेही असेच. दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' झाला: फल – फळ, कमल – कमळ, बल – बळ. जोड 'ल्ल' मात्र 'ल' राहिला: गल्ल – गाल, फुल्ल – फूल. या नियमाचा सुंदर पुरावा एका जोडीत मिळतो. वेळ या अर्थाच्या संस्कृत 'काल' शब्दाचा 'काळ' झाला. 'कल्य'पासून आलेल्या प्राकृत 'कल्ल'चा, म्हणजे मागच्या दिवसाचा, 'काल' झाला. मन, वन, जल यांसारखे शब्द नियमाबाहेरचे वाटतात, पण ते नंतर थेट संस्कृतातून घेतलेले आहेत.

'ळ' तसा पुष्कळ जुना आहे. ऋग्वेदात दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'ळ' होतो. पहिल्याच सूक्तातील 'ईळे' हा शब्द त्याचे उदाहरण. पण पाणिनीच्या शिवसूत्रांत 'ळ' नाही. म्हणून आपल्या वर्णमालेत तो 'ल'शेजारी न बसता 'ह'च्या मागे, रांगेच्या शेवटी उभा आहे.

जीभ आणि कान

दाराशी नेमके हेच दोन ध्वनी का अडतात, याला उच्चारशास्त्रातही कारण आहे. 'न' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. 'ण' म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते. ही जीभ वळण्याची क्रिया 'ण'च्या आधीच्या स्वरातच सुरू होते. घसा आणि तोंड मिळून जी पोकळी होते, तिचे ठरावीक अनुनाद असतात. जीभ मागे वळू लागली की त्यांतल्या तिसऱ्या अनुनादाची कंप्रता खाली येते आणि कान तेवढ्यावरून 'आता ण येणार' हे ओळखतो. म्हणजे 'ण'ची मुख्य ओळख त्याच्या आधी ऐकू येते. शब्दाच्या आरंभी आधीचा स्वरच नसतो. ओळखपत्र हरवते आणि 'ण' व 'न' यांतला फरक ऐकणे कठीण होते. जो फरक नीट ऐकू येत नाही, तो भाषा फार काळ सांभाळत नाही. 'ट' आणि 'ड' यांना ही अडचण कमी भासते. त्यांच्या उच्चारात हवा अडून एकदम सुटते व त्या स्फोटातूनही ओळख पटते. म्हणून टोपी, डोंगर हे शब्द मराठीत सुखाने नांदतात.

जीभ वळण्याचा आणखी एक परिणाम आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. 'उत्तरायण'मध्ये 'ण' आणि 'दक्षिणायन'मध्ये 'न' का? 'अयन' शब्द तर एकच आहे. संस्कृतात र, ऋ किंवा ष यांच्यानंतर त्याच शब्दात येणाऱ्या 'न'चा 'ण' होतो. वळलेली जीभ तशीच राहते असे समजा. 'उत्तर'मधल्या 'र'ने ते काम केले. मध्येच च, ट, त या वर्गांतले अक्षर किंवा श, स आले, तर जीभ हलते आणि परिणाम तुटतो. 'दक्षिणायन'मध्ये 'क्ष'तल्या 'ष'ने एक 'ण' घडवला, पण तो 'ण' स्वतःच ट-वर्गातला असल्याने परिणाम तिथेच थांबला. 'स्मरण'मध्ये 'ण' आणि 'दर्शन', 'अर्जुन' यांत 'न' का, हे आता विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्या.

ती मुलगी चुकली का?

आता गाडीतल्या मुलीकडे परत येऊ. पेण-रोहा परिसरातील आगरी आणि कोळी बोलींत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो आणि दोन स्वरांमधल्या 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो. पाणी – पानी, गणपती – गनपती, डोळा – डोला, शाळा – शाला, घोडा – घोरा, गाडी – गारी. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा ७ वा खंड १९०५ साली निघाला. कोकणातील बोलींचे असे विशेष त्यात नोंदलेले आहेत. म्हणजे हा आजच्या मुलांचा आळस नव्हे. हा नियम आहे, आणि तो निदान शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

शिवाय तो परका नियमही नाही. प्राकृतातल्या 'ण'चा 'न' मराठीने दोन ठिकाणी केलाच होता: आरंभी आणि जोडाक्षरात. आगरी बोलीने तो तिसऱ्या ठिकाणीही केला, इतकेच. हिंदीनेही तेच केले. संस्कृतातून घेतलेले शब्द सोडले तर तिथे 'पानी'च आहे, आणि प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. पण 'पानी' म्हणणाऱ्या हिंदी भाषकाला आपण अडाणी म्हणत नाही. तोच शब्द खारेपाटातल्या मुलीने वर्गात उच्चारला की मात्र हशा पिकतो. ध्वनी एकच, फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या मनात.

मग प्रमाण लेखन शिकवायचे नाही का? अवश्य शिकवायचे. ते मुलांच्या हक्काचे आहे. परीक्षा, अर्ज, पुस्तके सर्व त्यात आहेत. पण वहीत 'पानी' दिसल्यावर ती मुलगी निष्काळजी आहे असे समजणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देणे. तिच्या बोलीत हे दोन ध्वनी एकच असल्याने तिला ते कानाने वेगळे करता येत नाहीत. तेव्हा तिला फरक ऐकायला शिकवायचा, आणि घरचा उच्चार चूक न म्हणता 'घरी असे, पुस्तकात असे' ही जोडी दाखवायची.

वर्गात करून पाहा

१. माल – माळ, गाल – गाळ, वेल – वेळ, मूल – मूळ, खान – खाण, मन – मण या जोड्या चिठ्ठ्यांवर लिहा. एका विद्यार्थ्याने पाठ फिरवून चिठ्ठी वाचायची, इतरांनी कोणता शब्द ऐकला ते लिहायचे. बरोबर उत्तरांची संख्या मांडा. महिनाभर सराव करून हाच प्रयोग पुन्हा करा.

२. पाठ्यपुस्तकाचे एक पान घेऊन प्रत्येक व्यंजन किती वेळा आले ते मोजा. नवव्या शतकात अल् किंदी या अरब विद्वानाने अशाच मोजणीतून गुप्त लिपी उलगडण्याची रीत सांगितली होती. 'ण' आणि 'ळ' यांची संख्या पाहून मुलांना आश्चर्य वाटेल.

३. आपल्या तालुक्यातील सर्व गावांची यादी करा. 'ण' किंवा 'ळ' असलेली नावे वेगळी काढा आणि गावातले वृद्ध ती नावे कशी उच्चारतात ते लिहून आणा. या प्रयोगात आगरी, कोळी घरांतली मुले सर्वांत जास्त माहिती आणतील.

आणि 'नाव, गाव, फळ, फूल' खेळताना 'ण' निघाला, तर बाद करू नका. त्या अक्षरापुरता नियम बदला: शब्दात कुठेही 'ण' चालेल. मग पेणच्या नावालाही गुण मिळतील, आणि ते सुचवणाऱ्या मुलीलाही.