आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ब्राझिली उत्सव

ब्राझील म्हटलें कीं रिओ शहरांतील कार्निव्हाल आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु आज मी श्रोत्यांना ज्या ब्राझिली उत्सवाची ओळख करून देणार आहें, तो ब्राझीलमध्यें होत नाहीं. अटलांटिक महासागराच्या दुसऱ्या कांठाला, पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशाची राजधानी जें पोर्तो-नोव्हो शहर, तेथें तो जानेवारी महिन्यांत साजरा होतो. साजरा करणारे लोक वर्णानें, भाषेनें व वस्तीनें आफ्रिकी. परंतु त्या दिवशीं ते ब्राझीलच्या निशाणाचे हिरवे-पिवळे पट्टे अंगावर मिरवितात. हें कसें घडलें, तें आपण पाहूं.

प्रथम उत्सवाचें स्वरूप सांगतों. बोनफिम हें ख्रिस्ताच्या एका मूर्तीचें नांव असून त्याचा अर्थ ‘चांगला शेवट’ असा आहे. या मूर्तीचें मूळ देऊळ ब्राझीलच्या बाइया प्रांतांत, सल्वादोर शहरीं, एका टेकडीवर आहे. तेथील उत्सवहि जानेवारींतच असतो. पोर्तो-नोव्होंत रस्त्यांतून मिरवणूक निघते, देवळांत प्रार्थना होते, आणि नंतर सर्व कुटुंबें एकत्र भोजनास बसतात. भोजनांतील मुख्य पदार्थ फेजोआद, म्हणजे मांसाबरोबर शिजविलेला घेवडा. हा पदार्थ पोर्तुगीजांच्या वाटेनें आपल्या गोमंतकांतहि आलेला आहे. त्यानंतर ‘बुरियां’ नांवाचा खेळ होतो. आपल्याकडे शिमग्यांत जशीं सोंगें निघतात, तशींच हीं सोंगें असतात. कोणी बैल होतो, कोणी घोडा, कोणी घरापेक्षां उंच दिसणारी राक्षसी बाई. आणि ढोलाच्या तालावर पोर्तुगीज भाषेंतील गाणीं चालतात. गाणाऱ्यांपैकीं बहुतेकांना ती भाषा येत नाहीं. अर्थ न कळतांहि आपण मंत्र पाठ म्हणावे, तशीं हीं गाणीं त्यांनीं बापाकडून मुलाकडे तोंडींच पोंचविलीं आहेत.

या गाण्यांच्या मागें एक दुःखद इतिहास आहे. याच किनाऱ्यास युरोपीय लोक ‘गुलामांचा किनारा’ म्हणत. बाइयाच्या तंबाखूच्या बदल्यांत येथें माणसें विकत घेतलीं जात. साऱ्या आफ्रिकेंतून ब्राझीलच्या बंदरांवर जिवंत उतरलेल्या गुलामांची संख्या विद्वानांच्या अदमासानें ४८ लक्षांच्या घरांत जाते. त्यांपैकीं कांहींनीं कष्टानें पैसा सांठवून स्वतःची सुटका करून घेतली. पुढें १८३५ च्या जानेवारींत सल्वादोर शहरांत गुलाम व मुक्त आफ्रिकी लोकांनीं बंड केलें. त्यांतील पुढारी बहुतांशीं मुसलमान होते. बंड एका रात्रींत मोडलें. परंतु त्यानंतर मुक्त आफ्रिकी लोकांना तेथें राहणें कठीण झालें. कित्येकांना हद्दपार केलें, राहिलेल्यांवर कर बसला, आणि पुष्कळांनीं स्वखुशीनें जहाज गांठलें. अशा रीतीनें एकोणिसाव्या शतकांत कांहीं हजार माणसें आफ्रिकेस परत आलीं. ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली ती १३ मे १८८८ रोजीं.

परत आलेल्यांना घर मात्र सांपडलें नाहीं. कोणाचें गांव युद्धांत उद्ध्वस्त झालें होतें, कोणाला तेथें जातां जातां पुन्हां पकडलें जाण्याची भीति होती. आणि जे ब्राझीलमध्येंच जन्मले होते त्यांनीं तें गांव पाहिलेंच नव्हतें. म्हणून हे लोक लागोस, उइदा, पोर्तो-नोव्हो अशा किनाऱ्यावरील शहरांतच स्थायिक झाले. तेथील रहिवासी त्यांना ‘आगुदा’ म्हणूं लागले. दा सिल्व्हा, द्’आल्मेदा अशीं त्यांचीं आडनांवें. गवंडी, सुतार, शिंपी असे त्यांचे धंदे. त्यांनीं बांधलेलीं नक्षीदार घरें आजहि दाखविलीं जातात. पोर्तो-नोव्होंतील मोठी मशीद तर बाइयांतील एखाद्या चर्चसारखी दिसते! बांधणाऱ्यांचा धर्म इस्लाम होता, पण हाताला वळण ब्राझीलचें होतें.

या हकीकतीची एक बाजू अधिक अवघड आहे. ‘आगुदा’ म्हणविणारे सगळेच गुलामांचे वंशज नाहींत. सल्वादोरहून आलेला फ्रांसिस्को फेलिक्स द सौझा हा उइदा येथील मोठा गुलामांचा व्यापारी. १८१८ सालीं दाहोमेचें राज्य गेझो या राजपुत्रास मिळवून देण्यास त्यानें साह्य केलें व ‘चाचा’ हा किताब मिळविला. तो १८४९ त वारला. त्याच्या विस्तृत घराण्यांतील माणसेंहि आगुदाच होत. ज्यांना विकलें त्यांचे आणि ज्यांनीं विकलें त्यांचे वंशज एकमेकांशीं लग्नसंबंध करून एका समाजांत मिसळले आहेत.

येथें ‘ब्राझील’ या शब्दाचें खरें काम ध्यानांत येतें. ज्याचें गांव, गोत व नांव हीं तिन्ही हिरावून घेतलीं गेलीं, त्याला ‘मी अमक्याचा’ असें सांगण्यास एक नांव हवें होतें. शेजाऱ्यांनीं त्याला गुलामाचें पोर म्हणून हिणवावें, आणि त्यानें ज्या देशांत गुलामी भोगली त्याच देशाचें नांव अभिमानानें मिरवून त्याला उत्तर द्यावें, असें हें चाललें. त्या एका नांवाखालीं अपमान झांकला गेला. पण त्याचबरोबर विकणाऱ्यांचा अपराधहि झांकला गेला, हें विसरतां येत नाहीं.

संस्कृति परदेशीं नेणारे म्हणून आपण वकील, कलावंत व प्रदर्शनें यांचा विचार करतों. पोर्तो-नोव्होंत ती नेली ती गवंड्यांनीं, शिंप्यांनीं आणि स्वयंपाकिणींनीं. त्यांच्यापाशीं सामानसुमान फारसें नव्हतें; एक सोंग, एक पदार्थ आणि कांहीं गाणीं एवढेंच होतें. तेवढें मात्र त्यांच्या पणतवंडांनीं अजून टाकलेलें नाहीं.