भंगारातून उभा राहिलेला धंदा
कॅलिफोर्नियातील पाव मैलाच्या शर्यती आणि गॅरेजवाल्यांची एक पिढी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात आज पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेली एक पिढी आहे. साठच्या दशकातील तरुणपणाचा विषय निघाला की ही मंडळी गॅरेजच्या गोष्टी सांगू लागतात. आठवडाभर नोकरी करायची, रात्री घराच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलायचे, आणि सुटीच्या दिवशी ती गाडी दुसऱ्या गाडीला बांधून शर्यतीच्या पट्टीवर ओढत न्यायची, असा त्यांचा क्रम होता. हा वरवर पोरखेळ वाटेल. पण या पोरखेळातून एक मोठा उद्योग उभा राहिला, आणि तो कसा उभा राहिला हे आपल्या वाचकांनी, विशेषतः वर्कशॉपच्या धंद्यात असणाऱ्यांनी, समजून घेण्यासारखे आहे.

‘हॉट रॉड’ म्हणजे जुन्या, स्वस्त गाडीत फेरफार करून तयार केलेली वेगवान गाडी. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन दिले. त्याची ताकद ६५ हॉर्सपॉवर होती. काही वर्षांनी याच गाड्या जुन्या बाजारात अगदी कमी किमतीत मिळू लागल्या. १९४५ मध्ये महायुद्ध संपले. सैन्यात आणि विमानांच्या कारखान्यांत यंत्रकाम शिकलेले हजारो तरुण घरी परतले. त्यांच्या हातात हुन्नर होता, खिशात थोडे पैसे होते. वजन कमी करण्यासाठी मडगार्ड काढायचे, एका कार्बोरेटरच्या जागी दोन-तीन बसवायचे, कॅमशाफ्ट नव्याने घासून घ्यायचा, असे प्रयोग सुरू झाले.

१९५५ मध्ये शेवरोले कंपनीचे हलके आठ सिलिंडरचे इंजिन आले. साठच्या दशकात अपघातात सापडलेल्या गाड्यांतून हे इंजिन भंगारवाल्यांकडे सहज मिळू लागले. ट्रक आणि बसच्या डिझेल इंजिनावर हवा कोंबण्यासाठी जो ब्लोअर असे, तोही या मुलांनी भंगारातून उचलला आणि पेट्रोलच्या इंजिनावर चढवला. दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूची किंमत ओळखणे, हेच या धंद्याचे पहिले भांडवल होते.

शर्यत कशी असे?

‘ड्रॅग रेस’ मध्ये वळणे नसतात. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि थांबलेल्या अवस्थेतून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावतात. आधी झेंडा दाखवून गाड्या सोडत. १९६३ पासून रंगीत दिव्यांचा खांब आला. शर्यत संपली की चालकाच्या हाती एक चिठ्ठी पडे. तिच्यावर लागलेला वेळ आणि शेवटचा वेग लिहिलेला असे. कोणाच्या कामात किती खरेपणा आहे हे त्या चिठ्ठीवरून कळे. तिथे बढाया चालत नसत.

मोठ्या गाड्या नायट्रोमिथेन नावाचे इंधन वापरत. त्याच्या धुराने प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी येई. धोका आणि वेग वाढल्यामुळे मुख्य संघटनेने १९५७ मध्ये या इंधनावर बंदी घातली होती. ती १९६३ पासून टप्प्याटप्प्याने उठली, आणि पुढच्याच वर्षी डॉन गार्लिट्स या चालकाने ताशी २०० मैलांची मर्यादा अधिकृतपणे ओलांडली.

रस्त्यावरून पट्टीवर

सुरुवातीला या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत होत. अपघात होत, माणसे मरत, आणि ‘हॉट रॉडवाला’ म्हणजे मवाली अशी समजूत पसरली होती. नुसता दंड आणि अटक करून हा प्रकार थांबत नव्हता. तेव्हा काही शहाण्या लोकांनी वेगळा विचार केला. १९५० मध्ये सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पोमोना गावात तर पोलिसांनीच पुढाकार घेऊन या मुलांना जागा मिळवून दिली. १९५५ मध्ये लाँग बीचजवळ विल्मिंग्टन येथे लायन्स क्लबच्या स्थानिक शाखांच्या मदतीने ‘लायन्स ड्रॅग स्ट्रिप’ सुरू झाली. समुद्राजवळच्या थंड हवेत इंजिने जास्त जोर धरत, म्हणून तिथे दूरदूरचे चालक येत.

पट्टीवर उतरण्यापूर्वी गाडीची तपासणी होई. ब्रेक, पट्टा, हेल्मेट ठीक नसेल तर गाडी परत पाठवली जाई. ज्यांना पोलिसांचा धाक नव्हता, त्यांनी हा नियम मानला, कारण तो त्यांच्याच माणसांनी केला होता.

गॅरेजवाले झाले कारखानदार

व्हिक एडेलब्रॉक हे कॅन्सस राज्यातून आलेले साधे मेकॅनिक. १९३८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाडीसाठी एक इनटेक मॅनिफोल्ड तयार केला. लोकांनी तो मागितला, म्हणून विकायला सुरुवात केली. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मुलगा अवघा २६ वर्षांचा होता. त्याने धंदा सांभाळला आणि जगभर नेला. आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले एड इस्केंडेरियन यांनी युद्धानंतर एका जुन्या ग्राइंडिंग मशीनवर कॅमशाफ्ट घासण्याचे काम सुरू केले. आपल्या नावाचे टी-शर्ट छापून त्यांनी शर्यतीच्या मैदानातच जाहिरात केली.

मोठ्या मोटार कंपन्यांनाही यात फायदा दिसला. विक्रेत्यांमध्ये ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ असा मंत्रच रूढ झाला.

पण धंदा वाढला तसा निकृष्ट मालही आला. क्लच किंवा फ्लायव्हील पूर्ण वेगात फुटले तर लोखंडाचे तुकडे चालकाच्या पायात घुसत. एका कारखानदाराच्या वाईट मालामुळे सगळ्यांचे नाव खराब होत होते. म्हणून १९६३ मध्ये या उत्पादकांनी ‘सेमा’ ही संघटना काढली. इस्केंडेरियन तिचे पहिले अध्यक्ष झाले. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे हे लोक एका टेबलाशी बसले आणि सुटे भाग किती ताण सहन करतील याच्या कसोट्या त्यांनी ठरवल्या. १९६७ मध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. १९७७ पासून ते लास व्हेगासला भरू लागले. आज या व्यवसायाची उलाढाल अब्जावधी डॉलरची आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

या गोष्टीत नुसता फायदाच आहे असे समजू नये. १९७० मध्ये लायन्स पट्टीवर गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. तोपर्यंत इंजिन चालकाच्या पुढे असे. इस्पितळातून बाहेर आल्यावर त्यांनी इंजिन पाठीमागे असणारी गाडी बांधली आणि १९७१ मध्ये ती जिंकून दाखवली. मग सगळ्यांनीच ती रचना स्वीकारली. पण ती येण्यापूर्वी अनेकांनी जीव गमावला होता.

दुसरा फटका जागेचा. पट्ट्यांभोवती वस्ती वाढली, आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या, जमिनीचे भाव चढले. सॅन फर्नांडोची पट्टी १९६९ मध्ये, लायन्सची १९७२ च्या डिसेंबरात, ऑरेंज काउंटीची १९८३ मध्ये बंद झाली. तिकिटाच्या उत्पन्नातून जमिनीचा भाव निघत नव्हता. पोमोनाची पट्टी तेवढी टिकली. तिथेच १९९८ मध्ये या खेळाचे संग्रहालय उघडले. ज्या गावांतील पट्ट्या गेल्या, तिथली पोरे पुन्हा रस्त्यावर आली.

तिसरा प्रश्न प्रदूषणाचा. १९७० च्या कायद्यानंतर धूर वाढवणारे फेरफार करता येईनात. ज्या कारखान्यांनी आपला माल तपासून घेऊन प्रमाणपत्र मिळवले ते टिकले, बाकीचे मागे पडले.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘हॉट रॉड’ ची नक्कल करा, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती रीतसर झाल्या आहेत. म्हणजे जागा आणि शिस्त असेल तर मार्ग निघतो. पण मुंबईच्या रस्त्यांवर रात्री मोटारसायकली पळवणाऱ्या पोरांना कोणी अशी जागा दाखवलेली नाही. त्यांना पोलीस पकडतात किंवा इस्पितळ.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा गावच्या नाक्यावर इंजिन खोलणाऱ्या आपल्या कारागिरांच्या हातात कसब कमी नाही. कमी आहे ती कसोटी. आपण केलेले काम मोजून घ्यावे, लिहून ठेवावे आणि त्यावर आपले नाव घालावे, ही सवय फार थोड्यांना आहे. कॅलिफोर्नियाच्या त्या मेकॅनिकांना शर्यतीनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीने हीच सवय लावली होती. काम चांगले की वाईट, हे त्यांना दर रविवारी कागदावर कळत असे. सोमवारी सकाळी गॅरेज उघडताना ती चिठ्ठी त्यांच्यासमोर असे.